परक्या मुलुखातला नट : जेफ्री केंडल यांची रंगयात्रा

(शताब्दी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



नटाच्या कीर्तीचा हिशेब मांडणे वाङ्मयाच्या अभ्यासकाला नेहमीच अवघड जाते. कवीची कविता मागे राहते. कादंबरीकाराची कादंबरी ग्रंथालयाच्या कपाटात शंभर वर्षांनीही हाती लागते. नटाचा अभिनय मात्र पडदा पडला की संपतो. दुसऱ्या दिवशी शिल्लक राहतात त्या पाहणाऱ्याच्या आठवणी, आणि पाहणारेही एक दिवस जातात. त्यातून हा नट जर स्वतःचा देश सोडून परमुलुखात हिंडला असेल, तर त्याची नोंद ठेवायची कोणी, हाच प्रश्न पडतो. मायदेशाच्या इतिहासात तो नसतो, कारण तो तिथे नव्हता. आणि ज्या देशात तो होता, तिथल्या इतिहासात तो परका म्हणून वगळला जातो. जेफ्री केंडल या इंग्रज नटाचे आयुष्य असे दोन इतिहासांच्या मधल्या मोकळ्या जागेत गेले. म्हणूनच ते पुन्हा एकदा तपासून पाहण्याजोगे आहे.

केंडल यांचे मूळ आडनाव ब्रॅग. त्यांचा जन्म १९०९ साली उत्तर इंग्लंडातील वेस्टमोरलंड परगण्यात, केंडल नावाच्या गावी झाला. रंगभूमीवर पाऊल ठेवताना त्यांनी जन्मगावाचेच नाव आडनाव म्हणून घेतले. गावाचे नाव नावाला जोडण्याची ही तऱ्हा मराठी माणसाला नवी नाही. मात्र ज्या गावाचे नाव त्यांनी आयुष्यभर मिरवले, त्या गावी ते राहिले नाहीत. पुढचे सगळे आयुष्य त्यांनी प्रवासातच काढले.

केंडल ज्या परंपरेत वाढले ती परंपरा आधी समजून घेतली पाहिजे. इंग्लंडात एकोणिसाव्या शतकापासून 'नट-मालक' ही एक संस्थाच होती. कंपनीचा मालक, दिग्दर्शक आणि प्रमुख नट हे तिघे एकाच देहात नांदत. लंडनच्या मोठ्या नाट्यगृहांत या वर्गाचा दबदबा एका काळी होताच. पण त्याची खरी मुळे गावोगाव फिरणाऱ्या कंपन्यांत होती. विसाव्या शतकाच्या मध्यास डोनल्ड वुल्फिट यांच्यासारखे काही थोडे नट ही परंपरा नेटाने चालवीत होते. तोवर लंडनची हवा मात्र बदलली होती. दिग्दर्शकाचे युग आले होते, आणि सामान बांधून शेक्सपिअर खांद्यावर घेऊन हिंडणारा नट जुन्या जमान्यातला ठरू लागला होता. केंडल याच जुन्या जमान्याचे वारसदार होते. मराठी रंगभूमीची भाषा वापरायची तर ते 'मंडळी'तले नट होते. त्यांच्या पत्नी लॉरा लिडेल याही नटीच. दोघांनी मिळून संसार केला तो कंपनीच्या बिऱ्हाडातच.

भारताशी त्यांचा संबंध आला तो युद्धामुळे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैनिकांच्या करमणुकीसाठी 'एन्सा' नावाची एक संघटना स्थापन झाली होती. गायक, विनोदी नट, नाटक कंपन्या अशा सगळ्यांना ती आघाडीवर आणि छावण्यांत पाठवीत असे. या संघटनेमार्फत १९४४ साली केंडल भारतात आले. युद्ध संपल्यावर बहुतेक कलावंत घरी परतले आणि छावण्यांतल्या त्या प्रयोगांची आठवण गमतीने सांगत राहिले. केंडल यांच्या मनात मात्र हा देश घर करून बसला. १९४७ साली ते पुन्हा आले, आणि या वेळी सैन्याच्या दिमतीला आले नाहीत. या वेळी त्यांच्याबरोबर त्यांची स्वतःची कंपनी होती, आणि तिचे नाव होते 'शेक्सपिअराना'.

सालाकडे जरा लक्ष द्यावे. १९४७ हे इंग्रजांच्या परतीचे साल. अधिकारी, सैनिक, व्यापारी बोटींची तिकिटे काढत असताना एक इंग्रज नट उलट्या दिशेने प्रवास करीत होता. त्याच्या हाती ना सत्ता होती, ना सरकारी हुद्दा. पेट्यांत पोशाख होते आणि जिभेवर नाटके होती. फाळणीच्या आगीने देश होरपळत असताना परक्या माणसाने गावोगाव नाटके घेऊन हिंडावे, यात धाडस होते आणि थोडा वेडेपणाही होता. रंगभूमीचा इतिहास चाळला तर हे दोन गुण सहसा जोडीनेच आढळतात.

त्यानंतर काही काळ इंग्लंडात काढून १९५३ साली केंडल कुटुंबासह परत आले आणि 'शेक्सपिअराना'चा मोठा दौरा सुरू झाला. भारत, पाकिस्तान आणि पुढे आग्नेय आशियापर्यंत ही कंपनी हिंडली. तिचे स्वरूप मराठी नाटकमंडळीची आठवण करून देणारे होते. माणसे थोडी, कामे अनेक. एकाच नटाने एका नाटकात दोन-तीन भूमिका करायच्या, आणि रंगमंचावर नसेल तेव्हा पडदा ओढायचा किंवा पोशाख आवरायचे. नेपथ्य अगदी बेताचे, कारण जे काही असेल ते आगगाडीत चढवता आले पाहिजे. आज एखाद्या संस्थानिकाच्या वाड्यात प्रयोग, उद्या एखाद्या शहरातील नाट्यगृहात, आणि परवा थंड हवेच्या ठिकाणच्या शाळेच्या दिवाणखान्यात. शेक्सपिअरच्या जोडीला शॉ आणि गोल्डस्मिथ यांची नाटकेही होती. पण कंपनीचा प्राण शेक्सपिअर. 'हॅम्लेट', 'मॅक्बेथ', 'ऑथेल्लो', 'मर्चंट ऑफ व्हेनिस' ही नाटके या मंडळींना इतकी मुखोद्गत होती, की आदल्या रात्री सांगितले तरी दुसऱ्या दिवशी प्रयोग उभा राहू शके.

येथे एक प्रश्न उभा राहतो, आणि तो टाळून पुढे जाणे योग्य होणार नाही. शेक्सपिअर भारताला केंडल यांनी दिला काय? तसे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. निदान मराठीपुरते तरी नाहीच. केंडल यांचा जन्म होण्यापूर्वी कितीतरी वर्षे शेक्सपिअर मराठी झालेला होता. महादेव गोविंदशास्त्री कोल्हटकर यांचे 'ऑथेल्लो'चे भाषांतर १८६७ सालचे. आगरकरांनी 'हॅम्लेट'चे 'विकारविलसित' केले ते १८८३ साली. देवलांचे 'झुंझारराव' १८९० सालचे. शाहूनगरवासी नाटक मंडळीत गणपतराव जोशी यांनी उभा केलेला हॅम्लेट ज्यांनी पाहिला, त्यांनी तो जन्मभर सांगितला. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद, बेळगाव अशा ठिकाणच्या मराठी माणसांना फिरत्या नाटक कंपनीचे महत्त्व वेगळे समजावून सांगावे लागत नाही. मूळ मुलखापासून दूर राहिलेल्या समाजाची भाषा दोन गोष्टींनी जिवंत ठेवली. एक ग्रंथालय आणि दुसरी मुक्कामाला येणारी नाटकमंडळी. पुस्तक भाषा डोळ्यांपुढे ठेवी, आणि मंडळी तीच भाषा कानांत घाली.

तेव्हा केंडल यांनी शेक्सपिअर आणला नाही. त्यांनी काय आणले, हे पाहायचे तर त्यांच्या कंपनीतून गेलेल्या माणसांकडे पाहावे लागते.

त्यांतले पहिले नाव उत्पल दत्त यांचे. १९४७ साली कलकत्त्याच्या सेंट झेविअर्स महाविद्यालयात शिकणारा हा तरुण आपल्या मित्रांबरोबर इंग्रजीत शेक्सपिअर करीत होता. केंडल यांनी त्याचे काम पाहिले आणि त्याला कंपनीत घेतले. पहिल्या दौऱ्यात आणि पुन्हा १९५३-५४ साली दत्त 'शेक्सपिअराना'बरोबर हिंडले. केंडल यांना ते पुढे आपले गुरू मानीत. या गुरूने शिकवले ते नाट्यधंद्याचे शिस्तशास्त्र होते. वेळेवर येणे, संहितेतील शब्द न शब्द पाठ असणे, लहान भूमिकेलाही मोठ्या भूमिकेइतके मन देणे, आणि प्रेक्षागृहात दहा माणसे असोत वा हजार, प्रयोगात कसूर न करणे, या गोष्टी ऐकायला साध्या वाटतात. पण नाटकाचा धंदा याच गोष्टींवर उभा असतो.

शिष्याने मात्र गुरूच्या वाटेवर न थांबता पुढचे पाऊल टाकले. इंग्रजी शेक्सपिअरला प्रेक्षक मिळणार तो मूठभरच, हे दत्तांनी ओळखले. कॉन्व्हेंट शाळा, संस्थानिकांचे वाडे, इंग्रजी शिकलेला शहरी वर्ग यांच्यापलीकडे त्या भाषेतील नाटक जाऊ शकत नव्हते. त्यांनी आपल्या 'लिटल थिएटर ग्रुप'ला बंगालीकडे वळवले, 'मॅक्बेथ' बंगालीत करून खेड्यापाड्यांत नेले, आणि पुढे जात्रा या लोकनाट्याशी नाते जोडले. केंडल यांच्या कार्याची मर्यादा आणि त्याचे सामर्थ्य या एकाच उदाहरणात दिसून येते. मर्यादा ही की त्यांची भाषा थोड्यांची होती. सामर्थ्य हे की त्यांच्याकडून शिकलेला माणूस ती मर्यादा ओलांडण्याइतका समर्थ झाला. गुरूच्या शिकवणीची याहून वेगळी परीक्षा कोणती असते?

दुसरे नाव शशी कपूर यांचे. पृथ्वीराज कपूर यांनी १९४४ साली 'पृथ्वी थिएटर्स' ही हिंदुस्थानी भाषेतील फिरती नाटक कंपनी सुरू केली होती. 'दीवार', 'पठाण', 'गद्दार' अशी नाटके घेऊन ते देशभर फिरत. म्हणजे त्या काळी भारतात दोन कंपन्या एकाच वेळी रुळांवरून धावत होत्या. एक इंग्रजाची, दुसरी पेशावरकडून आलेल्या पंजाबी नटाची. दोघांची भाषा वेगळी, प्रेक्षक वेगळा, परंतु जगण्याची रीत एकच. १९५६ साली कलकत्त्यात या दोन कंपन्यांच्या वाटा एकमेकींना मिळाल्या. पृथ्वीराजांचे धाकटे चिरंजीव शशी आणि केंडल यांची थोरली कन्या जेनिफर यांची तेथे भेट झाली. शशी काही काळ 'शेक्सपिअराना'त नट म्हणूनही राहिले. १९५८ साली दोघांचा विवाह झाला.

हा विवाह केंडल यांना सुखाने स्वीकारता आला नाही. त्यामागे केवळ बापाची माया किंवा वंशाचा अभिमान शोधणे वरवरचे होईल. जेनिफर ही कंपनीची प्रमुख नटी होती. ती गेली म्हणजे अनेक नाटकांच्या नायिका एकदम गेल्या. जे घर तेच नाट्यगृह, अशी स्थिती असली की लेकीची पाठवणी आणि कंपनीचे नुकसान एकाच दिवशी होते. मराठी नाटकमंडळ्यांच्या इतिहासात एखादा नट मंडळी सोडून गेला की किती हलकल्लोळ होई, हे जाणकारांना ठाऊक आहे. इथे तर नट आणि अपत्य एकच होते.

धाकटी फेलिसिटी हिचा जन्म १९४६ सालचा. ती नऊ महिन्यांची असताना तिला प्रथम रंगमंचावर नेण्यात आले, ते 'मिडसमर नाइट्स ड्रीम' या नाटकात. त्या नाटकात परीराणीने सांभाळलेले एक मूल आहे, आणि ते मूल हिंदुस्थानातील असल्याचा उल्लेख शेक्सपिअरनेच केला आहे. इंग्लंडात जन्मलेल्या या मुलीची पहिली भूमिका अशी हिंदी राजपुत्राची ठरली, आणि तिचे बालपणही पुढे याच देशात गेले. येथील कॉन्व्हेंट शाळांतून तिचे शिक्षण झाले. पण तिची खरी शाळा कंपनीच. आधी मुलांची कामे, मग सेवकांची, मग तरुण नायिकांची, अशा पायऱ्या चढत ती थोरल्या बहिणीच्या जागी आली.

१९६० नंतर दिवस पालटले. संस्थानिकांचे आश्रय संपत आले होते. इंग्रजी शाळा होत्या, पण नाटकासाठी त्यांच्याकडचा वेळ आणि पैसा कमी होत चालला. आणि सर्वांहून प्रबळ असा प्रतिस्पर्धी, हिंदी चित्रपट, गावोगाव पोचला होता. ही कहाणीही मराठी रसिकाच्या ओळखीची आहे. १९३२ साली 'अयोध्येचा राजा' हा बोलपट आला आणि पुढच्या काही वर्षांत भरभराटीच्या नाटकमंडळ्या एकामागून एक डबघाईला आल्या. खुद्द बालगंधर्वांना १९३५ साली 'धर्मात्मा' या बोलपटात काम करावे लागले. जी लाट मराठी मंडळ्यांवर तीस वर्षे आधी आली, तीच या इंग्रजी कंपनीवर उशिरा आली, एवढाच फरक.

ही पडझड चालू असतानाच इस्माईल मर्चंट आणि जेम्स आयव्हरी या जोडीच्या मनात केंडल कुटुंबावर चित्रपट करण्याची कल्पना आली. त्यांचा पहिला कथापट 'द हाउसहोल्डर' १९६३ साली आला होता, आणि त्यात शशी कपूर नायक होते. केंडल यांनी १९४७ च्या दौऱ्यात लिहिलेली दैनंदिनी नव्या चित्रपटाला आधार म्हणून मिळाली. पटकथा रूथ प्रवर झाबवाला यांनी आयव्हरींच्या सहकार्याने लिहिली. छायाचित्रण सुब्रत मित्र यांचे, संगीत सत्यजित राय यांचे. १९६५ साली प्रदर्शित झालेल्या या कृष्णधवल चित्रपटाचे नाव 'शेक्सपिअरवाला'.

या नावातच सगळा विषय आला आहे. दूधवाला, भाजीवाला, तसा शेक्सपिअरवाला. विकणाऱ्याला त्याच्या मालावरून हाक मारण्याची ही भारतीय रीत. तिच्यात हेटाळणी नसते आणि फार मोठेपणाही नसतो. असते ती रोजची ओळख. एका परक्या नटाला भारतीय भाषेने याहून मोकळेपणाने आपल्यात घेतले नसते.

चित्रपटात जेफ्री, लॉरा आणि फेलिसिटी यांनी बकिंगहॅम नावाच्या एका नट-कुटुंबाच्या भूमिका केल्या. स्वातंत्र्योत्तर भारतात या कुटुंबाच्या कंपनीला बोलावणी कमी होत जातात. शाळा प्रयोगांची संख्या घटवतात. एक महाराज त्यांना वाड्यात नाटक करायला बोलावतो आणि जेवताना त्यांच्याशी राजांच्या दुर्दैवाविषयी शेक्सपिअरच्याच शब्दांत बोलतो. ती भूमिका केली आहे उत्पल दत्त यांनी. एके काळचा शिष्य गुरूसमोर यजमान राजा म्हणून बसला आहे, हे ध्यानात घेऊन पाहिले म्हणजे तो प्रसंग अधिकच बोलका होतो. कुटुंबातील तरुण मुलगी लिझी हिचे संजू नावाच्या श्रीमंत तरुणावर मन जडते. ती भूमिका शशी कपूर यांची. संजूच्या आयुष्यात मंजुळा नावाची एक सिनेनटीही आहे. ती भूमिका मधुर जाफरी यांनी केली आणि त्यासाठी त्यांना १९६५ च्या बर्लिन महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा सन्मान मिळाला.

या चित्रपटातील एक प्रसंग विसरता येत नाही. 'ऑथेल्लो'चा शेवटचा अंक चालू आहे. डेस्डिमोनाच्या मृत्यूचा क्षण जवळ आला आहे. त्याच वेळी मंजुळा उशिरा, मोठ्या डौलात, आपल्या राखीव कक्षात येऊन बसते. प्रेक्षागृहात कुजबुज होते, माना वळतात, लोक उठून तिच्याकडे पाहू लागतात. रंगमंचावर मृत्यू होत आहे आणि तो पाहायला कोणी नाही. शेवटी नट भूमिका सोडून प्रेक्षकांना शांत राहण्याची विनंती करतो. एका कलेच्या हातून दुसरीकडे प्रेक्षक कसा जातो, यावर प्रबंध लिहिले गेले आहेत. पण या एका प्रसंगात ते सगळे दिसते. आणि हा प्रसंग आपल्यापर्यंत पोचतो तो नाटकातून पोचत नाही, चित्रपटातूनच पोचतो, हेही विसरून चालणार नाही.

मराठी वाचकाला या ठिकाणी पाच वर्षांनी, १९७० साली, रंगमंचावर आलेल्या शिरवाडकरांच्या 'नटसम्राट'ची आठवण झाल्यावाचून राहत नाही. या दोन कृतींत देणेघेणे असल्याचे सुचवायचे नाही. बेलवलकरांचे दुःख घरातले आहे, बकिंगहॅमचे बाजारातले. परंतु दोघेही शेक्सपिअरच्या भूमिका जगलेले वृद्ध नट आहेत, आणि ज्या जगाने एकदा टाळ्या दिल्या तेच जग आता जागा द्यायला तयार नाही, हा दोघांचाही अनुभव आहे.

केंडल यांना स्वतःला मात्र हे चित्र मान्य नव्हते. चित्रपटात कंपनी उतरणीला लागलेली दिसते, तिच्यावर करुणेची छाया आहे. आपली कंपनी अशी केविलवाणी नव्हती, आपल्या प्रयोगांना माणसे येत होती आणि रंगत होती, असे त्यांचे म्हणणे. यात त्यांचा केवळ अभिमान बोलत होता असे मानण्याचे कारण नाही. दिग्दर्शक एका युगाचा अस्त पाहत होता. नट आपला रोजचा प्रयोग पाहत होता. युगाच्या हिशेबात जी घसरण दिसते, ती त्या संध्याकाळी सातव्या इयत्तेतल्या मुलाने आ वासून पाहिलेल्या प्रयोगात दिसत नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकतात. दुर्दैवाचा भाग एवढाच, की ज्या कलाकृतीने केंडल यांचे नाव जगभर नेले, तिनेच त्यांच्यावर पराभूताचा शिक्काही मारला. १९८६ साली त्यांचे आत्मचरित्र निघाले. त्याला त्यांनी नाव दिले तेही 'द शेक्सपिअरवाला'. म्हणजे चित्र नाकारले तरी नाव त्यांनी आपलेसे केले.

चित्रपटाच्या शेवटी लिझी बोटीने इंग्लंडला जाते. आईवडील या देशातच राहतात. पुढे प्रत्यक्षातही तसेच घडले. फेलिसिटी थोड्याच काळात लंडनला गेली. ज्या रंगभूमीचे शब्द तिला लहानपणापासून पाठ होते, त्या रंगभूमीच्या राजधानीत तिला कोणी ओळखत नव्हते. काही वर्षांच्या धडपडीनंतर तिने नाव मिळवले. १९७५ पासून दाखवल्या गेलेल्या 'द गुड लाइफ' या दूरदर्शन मालिकेने ती इंग्लंडच्या घराघरांत पोचली. वडिलांना जी मायदेशातली कीर्ती लाभली नाही ती मुलीला लाभली. १९९५ साली टॉम स्टॉपर्ड यांचे 'इंडियन इंक' हे भारताच्या पार्श्वभूमीवरचे नाटक लंडनमध्ये आले, तेव्हा त्यातील हिंदुस्थानात आलेल्या इंग्रज कवयित्रीची भूमिका तिनेच केली.

जेनिफर भारतात राहिली. १९८१ सालच्या अपर्णा सेन यांच्या '३६ चौरंगी लेन' या चित्रपटात तिने व्हायोलेट स्टोनहॅम या एकाकी अँग्लो-इंडियन शिक्षिकेची भूमिका केली. ही बाई शाळेत शेक्सपिअर शिकवते, आणि शाळा तिच्याकडून तो विषयही काढून घेते. तिचा वृद्धाश्रमात पडून असलेला भाऊ एडी रंगवला आहे जेफ्री केंडल यांनी. शेवटच्या दृश्यात नाताळच्या रात्री कलकत्त्याच्या रस्त्यावर ही बाई एका भटक्या कुत्र्याला 'किंग लिअर'मधील भाषण म्हणून दाखवते. कंपनीत शिकलेली वाणी होती म्हणूनच त्या दृश्यात रडवेपणा आला नाही. शब्दाला शब्दाचा मान मिळाला. या भूमिकेने जेनिफर यांना परदेशातही मोठी वाहवा मिळाली. १९८४ साली कर्करोगाने त्यांचे निधन झाले. १९९२ साली लॉरा गेल्या. १९९८ साली लंडनमध्ये जेफ्री केंडल यांचा अंत झाला.

एवढ्यावर ही कहाणी संपती, तर ती एका कुटुंबाची कहाणी ठरली असती. पण तिचा एक धागा अजून उरला आहे.

मुंबईत स्वतःचे नाट्यगृह असावे, हे पृथ्वीराज कपूर यांच्या मनात राहून गेले. 'पृथ्वी थिएटर्स' १९६० साली बंद पडले आणि १९७२ साली ते निवर्तले. त्यांच्या स्मरणार्थ शशी आणि जेनिफर यांनी जुहू येथे 'पृथ्वी थिएटर' उभारले, आणि त्याच्या उभारणीत व कारभारात जेनिफर यांनी जातीने लक्ष घातले. शशी कपूर यांची मिळकत होती हिंदी चित्रपटांतली. म्हणजे ज्या चित्रपटव्यवसायाने फिरत्या नाटकांचा प्रेक्षक नेला, त्याच व्यवसायातला पैसा एका लहानशा नाट्यगृहाच्या रूपाने रंगभूमीकडे परत आला. दोन नट-मालकांच्या घराण्यांचा हा संगम होता. नाट्यगृह जाणूनबुजून लहान ठेवले गेले. तीन बाजूंनी प्रेक्षक आणि मध्ये नट, अशी त्याची रचना. नटाचा श्वासही ऐकू यावा इतके अंतर. शाळेच्या दिवाणखान्यात मुलांपासून चार हातांवर उभे राहून 'मॅक्बेथ' करणाऱ्या कंपनीत वाढलेल्या मुलीला नाट्यगृहाची ही कल्पना परकी वाटण्याचे कारण नव्हते.

५ नोव्हेंबर १९७८ रोजी या नाट्यगृहाचा पडदा उघडला. पहिले नाटक होते 'उद्ध्वस्त धर्मशाळा'. मूळ मराठी, हिंदी अनुवादात केलेले. लेखक गो. पु. देशपांडे, दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात चीनविषयक अध्ययन-अध्यापन करणारे, म्हणजे महाराष्ट्राबाहेर राहून मराठीत लिहिणारे नाटककार. बृहन्महाराष्ट्रातील वाचकाला याचा अभिमान वाटला तर तो अस्थानी म्हणता येणार नाही. त्या प्रयोगात नसीरुद्दीन शाह, ओम पुरी आणि बेंजामिन गिलानी यांचा सहभाग होता.

यांपैकी नसीरुद्दीन शाह यांचे नाव येथे मुद्दाम घ्यावयाचे आहे. नैनितालच्या सेंट जोसेफ शाळेत ते विद्यार्थी असताना केंडल यांची कंपनी तेथे नाटके घेऊन आली होती. त्या मुलाच्या मनावर त्या नटाचा जो ठसा उमटला तो पुसला गेला नाही. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात आणि अन्यत्रही त्यांनी केंडल यांचे ऋण मोकळेपणाने सांगितले आहे. पुढे त्यांनी मित्रांबरोबर 'मोटली' ही नाट्यसंस्था काढली आणि तिचे पहिले नाटक १९७९ साली याच पृथ्वी थिएटरमध्ये केले. शाळेतल्या एका संध्याकाळच्या प्रयोगात बसलेल्या शेकडो मुलांपैकी एकाच्या मनात काही रुजले. केंडल यांना त्या रात्री ते कळले असणे शक्य नव्हते. त्यांनी पोशाख आवरले असतील, पेट्या बंद केल्या असतील आणि पुढच्या गावाची गाडी पकडली असेल.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे वळता येईल. नटाचा हिशेब कसा मांडायचा? लंडनच्या मापाने मोजले तर जेफ्री केंडल हे दुय्यम नट ठरतील. तेथील मोठ्या रंगमंचांवर त्यांनी राज्य केले नाही. भारताच्या मापाने मोजले, तर इंग्रजी भाषेच्या कुंपणात राहिलेले परके कलावंत ठरतील, आणि ही टीका खोटी नाही. मेकॉलेच्या शिक्षणाने तयार केलेल्या वर्गालाच त्यांचे नाटक कळत होते. त्या वर्गाबाहेरचा भारत त्यांच्या प्रयोगाला आला नाही, आणि येऊही शकत नव्हता. परंतु या दोन्ही मापांतून एक गोष्ट निसटते. ज्या देशाच्या लोकांवर आपल्या लोकांनी राज्य केले, त्या देशात राज्य संपल्यावर एक माणूस राहिला, तो तिकीट लावून नाटक करण्यासाठी. प्रेक्षकाला आवडले नाही तर त्याने येऊ नये, ही मोकळीक आता प्रेक्षकाकडे होती. राज्यकर्त्याच्या भाषेतले नाटक प्रथमच प्रेक्षकाच्या मर्जीवर उभे राहिले. शेक्सपिअर त्या दिवसापासून साहेबाचा उरला नाही, दारावर येणाऱ्या फेरीवाल्याचा झाला. घ्यायचा तर घ्या, नाही तर राम राम. हे नाते बरोबरीचे आहे, आणि त्यातूनच उत्पल दत्त यांच्यासारख्या माणसाला त्या मालातले हवे ते घेऊन, नको ते टाकून, स्वतःचे दुकान मांडता आले.

कलावंताचे यश त्याच्या नावाच्या पाटीवरून ठरवण्याची सवय आता फारच वाढली आहे. किती पुरस्कार, किती प्रयोग, किती प्रसिद्धी, अशी कोष्टके मांडली जातात. नटाच्या बाबतीत या कोष्टकांतून फारसे काही हाती लागत नाही. त्याचा ठेवा दुसऱ्यांच्या देहात राहतो. कोणाच्या उभे राहण्यात, कोणाच्या शब्दोच्चारात, कोणाच्या वेळेवर येण्याच्या सवयीत. ग्रंथालयाचेही काहीसे असेच असते. पुस्तक वाचून परत करणाऱ्या वाचकाने त्यातले काय नेले, याची नोंद ग्रंथपालाच्या वहीत नसते. तिथे फक्त पुस्तक दिल्याची आणि परत आल्याची तारीख असते. तरीही शंभर वर्षे ही देवघेव चालू ठेवणारी माणसे निघतात, कारण वहीत न येणारे काहीतरी प्रत्येक वेळी कोणीतरी घेऊन जात असते, यावर त्यांचा विश्वास असतो. जेफ्री केंडल याच विश्वासावर परक्या मुलुखात गावोगाव हिंडले. जुहूच्या त्या लहान नाट्यगृहात आजही संध्याकाळी तिसरी घंटा होते आणि दिवे मंदावतात. तेव्हा अंधारात बसलेल्या प्रेक्षकांत नैनितालच्या शाळेतल्यासारखे एखादे मूल असेल, आणि ते काय घेऊन घरी जाणार हे रंगमंचावरच्या नटाला त्या रात्री कळणार नाही.